ओळख कुणाची, खर्च कुणाचा?

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. 'चोराची ओळख पटली' या वाक्यातली ओळख एक, आणि 'माझी त्यांच्याशी जुनी ओळख आहे' यातली दुसरी. पहिलीत एकच माणूस काम करतो, समोरच्याला कळलं नाही तरी चालतं. दुसरीत दोघं लागतात, आणि थोडं देणंघेणंही आलंच. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसला तर निदान मान हलवावी लागते. त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं तर 'ओळख विसरलास का?' असं ऐकावं लागतं.

पक्षी ओळखण्याचा नाद लागल्यापासून हे दोन अर्थ माझ्या डोक्यात भांडतायत. आता तर पक्षी ओळखणं फार सोपं झालंय. फोन वर धरायचा, मर्लिनसारखं अ‍ॅप सुरू करायचं, आणि बाहेर जो कोणी गातोय त्याचं नाव काही सेकंदांत पडद्यावर येतं. मीही हे करतो, आणि त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. पण नाव आलं की अंगठा पुढे सरकतो, दुसरा आवाज, दुसरं नाव. तेव्हा प्रश्न पडतो: यातली कुठली ओळख झाली? आणि झाली असेल, तर त्या पक्ष्याचं मी काही देणं लागतो का?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून दोन साधे पक्षी घेऊ. आपल्या आजूबाजूचे. इंग्रजीत दोघांच्याही नावात 'रॉबिन' आहे. मराठीत एक दयाळ, दुसरा चिरक.

दयाळ साधारण बुलबुलाएवढा. नराचं डोकं, छाती आणि पाठ चकचकीत निळसर काळी, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. मादीचा आराखडा हाच, फक्त काळ्याच्या जागी राखाडी. दोघंही शेपटी वर उचलून धरतात. बाग, जुनी झाडं, वाड्यांची परसदारं, सोसायटीची कंपाउंड भिंत, अशी सावलीची जागा त्याला आवडते. चिरक त्याच्याहून लहान, चिमणीपेक्षा जरा मोठा. नर काळा, पंखावर छोटा पांढरा ठिपका. पंख मिटला की तो एखाद्या रेघेसारखा दिसतो, उडाला की चमकतो. शेपटीखाली विटकरी रंग. मादी मातकट तपकिरी, पंखावर पांढरं काही नाही, पण शेपटीखालचा विटकरी रंग तिलाही असतो. चिरकाला उघडी, कोरडी, खडकाळ जमीन लागते: टेकडीचा उतार, पडीक प्लॉट, बांध, बांधकामाच्या विटांचा ढीग.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. कवडा गप्पीदास, त्याचाही नर काळा-पांढरा आणि त्यालाही मोकळी जागा आवडते. पण तो झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर ताठ बसतो, त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरं असतं आणि शेपटीखाली विटकरी नसतं. थिरथिरा फक्त हिवाळ्यात येतो. विटकरी रंग त्याच्या शेपटीतच असतो, आणि ती शेपटी सतत थरथरत असते, नावच त्यावरून पडलंय. दाट जंगलात, सह्याद्रीच्या ओल्या बाजूला शामा भेटतो. तो दयाळाचा जवळचा नातलग: वरून काळा, पोट विटकरी, कंबर पांढरी, शेपटी लांबलचक. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. आणि पावसाळ्यात ओढ्याच्या काठी कोणीतरी रमतगमत शीळ घालत चाललंय असं वाटलं, तर तो बहुतेक माणूस नसतो, शीळकरी कस्तूर असतो.

ही सगळी यादी वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल. रंगापासून सुरुवात केली तरी खात्री होते ती वागण्यावरून. कुठे बसतो, कसा बसतो, शेपटीचं काय करतो, कुठल्या महिन्यात येतो. माणसांचंही असंच आहे. लांबून चालत येणारा मित्र आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो.

माझ्या आजीला दयाळाचं नाव माहीत नव्हतं. कोकणातल्या आमच्या घराच्या मागे, चिऱ्याच्या भिंतीत एक चिरा निखळून पडलेला भोक होता, त्यात दर वर्षी एक जोडी यायची. आजीला त्यांचं वेळापत्रक पाठ होतं. उजाडण्याआधी नर आंब्याच्या शेंड्यावर बोलायला लागला की ती म्हणायची, "पाणी तापत ठेव, तो उठला." हिवाळ्यात तो गात नाही, नुसता चरचर करतो, हे तिला ठाऊक होतं. मांजर अंगणात आलं की त्याचा आवाज बदलतो, हेही. भिंत सारवायला माणूस आला तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं, "ते भोक राहू दे. त्यांचं आहे."

तिला पहिल्या अर्थाने ओळख पटवता आली नसती. परीक्षेत शून्य मार्क. पण दुसऱ्या अर्थाची ओळख तिच्याकडे पुरेपूर होती, देण्याघेण्यासकट.

इथे एक मोह होतो. 'नावात काय आहे' असं म्हणून मोकळं व्हायचं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी वडिलांची एक आठवण सांगितली आहे, ती इंटरनेटवर सारखी फिरत असते. मुद्दा असा, की एखाद्या पक्ष्याचं नाव जगातल्या सगळ्या भाषांत पाठ केलं तरी त्या पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही; कळतं ते फक्त वेगवेगळे लोक त्याला काय म्हणतात एवढंच.

अर्धं म्हणणं मला पटतं. 'रॉबिन' हे नावच घ्या. मूळ रॉबिन इंग्लंडचा, छातीवर नारिंगी-तांबूस रंग असलेला. इंग्रज जिथे जिथे गेले, तिथे ज्या पक्ष्याने घरची आठवण करून दिली त्याला त्यांनी रॉबिन म्हटलं. अमेरिकेतला रॉबिन हा खरं तर थ्रश, म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे रॉबिन आणखी वेगळ्याच कुळातले. आपले दयाळ-चिरक इंग्लंडच्या रॉबिनसारखेच माशीमारांच्या मोठ्या कुळात आज धरले जातात, पण पूर्वी तेही थ्रशमध्येच गणले जायचे. एक नाव, आणि त्याखाली इतकी वेगवेगळी घराणी. 'रॉबिन' या शब्दातून पक्ष्यांपेक्षा घरापासून लांब आलेल्या माणसांबद्दल जास्त कळतं.

दयाळाच्या नावाचा घोळ तर अजून गमतीचा. हिंदीत दहियर, बंगालीत दोयेल (बांगलादेशचा तो राष्ट्रीय पक्षी), मराठीत दयाळ. 1737 साली एलेझार अल्बिन या इंग्रज चित्रकाराच्या पुस्तकात तो 'डायल-बर्ड' झाला. मग कुणाला वाटलं, डायल म्हणजे सूर्यतबकडी, त्यामुळे याचा सूर्याशी काही संबंध असणार. फ्रेंच पक्षीतज्ज्ञ लव्हायां यांनी त्याला तबकडी या अर्थाचं नाव दिलं. पुढे जर्डन यांनी लिहिलं, की लिनिअसनेही याच समजुतीने 'सोलारिस' लिहायला घेतलं आणि हात चुकून 'सॉलारिस' झालं. एडवर्ड ब्लिथ यांनी ते खोडून काढलं: नाव मद्रासहून आलेल्या नमुन्याबरोबरच आलं होतं, आणि ते शंभर गाणी या अर्थाच्या देशी शब्दावरून होतं. आपणही काही वेगळं करत नाही. 'दयाळ' ऐकलं की आपल्याला दयाळू आठवतो. मार्चमध्ये दोन नर एका झाडावरून भांडताना बघा, दया कुठे दिसते का सांगा.

तरीही फाइनमन यांच्या वडिलांचं उरलेलं अर्धं म्हणणं मला पटत नाही. नाव नसेल तर तो 'एक छोटा काळा पक्षी' असतो, आणि छोटे काळे पक्षी जगात पुष्कळ आहेत. त्यातला एक कमी झाला तर कळणार कसं? माझ्या घरामागच्या टेकडीवर चिरक आणि गप्पीदास दोघंही आहेत हे मला नावांमुळे कळलं. नावं कळल्यावर दिसायला लागलं, की प्लॉट पडत गेले तसा एक दिसेनासा होतोय आणि दुसरा टिकून आहे. आजीची ओळख खोल होती, पण ती तिच्या भिंतीपुरती. शेजारच्या गावात दयाळ उरलाय की नाही, हे तिच्या ओळखीतून कळू शकत नव्हतं. नाव म्हणजे ओळखीचा शेवट मानला तर फाइनमन यांचे वडील बरोबर आहेत. ते फक्त दार आहे असं मानलं तर आत जायला तेच लागतं.

मग अडचण कुठे येते? ती दार उघडण्याच्या पद्धतीत येते.

1930च्या दशकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टिंग्टनमध्ये डेव्हिड लॅक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी परिसरातले रॉबिन पकडून त्यांच्या पायांत रंगीत कडी घातली, म्हणजे प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येईल. त्यातून 1943 साली 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हे पुस्तक झालं. लॅक यांनी रॉबिनच्या हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन ठेवला. मालक आला, छाती फुगवून धमकावू लागला, मग तुटून पडला. मग लॅक यांनी नुसता तांबड्या पिसांचा पुंजका ठेवला. डोकं नाही, पाय नाहीत, शेपटी नाही. तरी रॉबिन त्यालाही धमकावत राहिला. एकदा तर पेंढा भरलेला पक्षी काढून घेतल्यावर एक रॉबिन तो होता त्या रिकाम्या हवेवरच हल्ले करत राहिला.

वाचून हसू येतं, पण जरा थांबून विचार केला तर तांबड्या पुंजक्यावरून शत्रू ओळखणारा रॉबिन आणि पंखावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून चिरक ओळखणारा मी, दोघं एकच काम करतोय. मोजक्या खुणा बघून निर्णय घेतोय. फरक असा, की त्याची ओळखण्याची रीत मला माहीत आहे. आणि ज्याला दुसऱ्याची ओळखण्याची रीत माहीत असते, त्याला त्याला फसवता येतं.

आज तो तांबडा पुंजका आपल्या खिशात आहे. फोनवर दयाळाचं गाणं लावलं की दयाळ येतो. नक्की येतो. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय. एका रविवारी सकाळी टेकडीवर पंधरा-सोळा जणांच्या गटाबरोबर मी होतो. पक्षी पानाआड होता, फोटो नीट येत नव्हता, म्हणून एकाने छोटा स्पीकर काढून गाणं लावलं. नर लगेच समोरच्या उघड्या फांदीवर आला. शेपटी वर, पंख खाली, गळा फुगवून गायला लागला. पंधरा फोन वर झाले. कुणीतरी म्हणालं, "बघ, काय मस्त पोझ देतोय." तो पोझ देत नव्हता, आपलं घर वाचवत होता.

प्लेबॅकच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे टाकाऊ नाहीत. संशोधकही गणती करताना ठरावीक पद्धतीने आवाज लावतात. दाट जंगलातल्या लाजाळू पक्ष्यांची मोजणी त्याशिवाय अवघड असते. पंधरा माणसांनी झुडपं तुडवत आत शिरण्यापेक्षा दोन मिनिटं आवाज लावणं कमी त्रासाचं, हाही मुद्दा आहे. आणि असंही म्हणता येतं, की खरा प्रतिस्पर्धी रोज येतोच की, त्यात एक खोटा आला तर काय बिघडतं?

शेवटच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. खरा प्रतिस्पर्धी हरतो किंवा जिंकतो, आणि प्रकरण मिटतं. स्पीकर हरत नाही. त्याला हाकलता येत नाही, तो दमत नाही, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या गटाबरोबर पुन्हा येतो. ज्या दहा मिनिटांत नराने अळ्या आणून पिल्लांना भरवलं असतं, ती दहा मिनिटं तो एका डबीशी भांडतो. एका गटाचं एकदा फार काही बिघडत नसेलही. पण शहराजवळच्या टेकडीवर एक गट एकदा येत नाही. ओळख आपल्याला होते, बिल तो भरतो. संशोधकाची गोष्ट वेगळी वाटते ती यामुळे, की तिथे निदान त्या खर्चाचा हिशेब मांडलेला असतो आणि त्यातून येणारं काही पक्ष्याच्या वाट्याला परत जाण्याची शक्यता असते. माझ्या फोटोतून त्याच्याकडे काय परत जातं?

इथवर आल्यावर वाटलं होतं, सापडलं उत्तर: वरवरची ओळख वाईट, खोल ओळख चांगली. पक्ष्याला नीट जाणून घ्या, मग आपोआप नीट वागाल. पण हे उत्तर टिकत नाही, आणि ते मोडतं पिंजऱ्यापाशी.

इंडोनेशियात, विशेषतः जावा बेटावर, गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात. दयाळ आणि शामा तिथले लाडके स्पर्धक. त्यांचे मालक आपल्यासारखे हौशी नसतात. पक्ष्याचा एकेक सूर त्यांना माहीत असतो, कुठल्या खाण्याने आवाज खुलतो, कधी पिंजरा झाकायचा, कधी दुसऱ्याशेजारी टांगायचा, सगळं. प्रेमही असतं, ते खोटं म्हणता येणार नाही. आणि याच प्रेमाच्या मागणीपोटी तिथल्या जंगलांतून हे पक्षी इतके पकडले गेले, की जिथे ते सहज ऐकू यायचे तिथे आता ऐकायला मिळत नाहीत. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असे पक्षी पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे, तरी चोरटा बाजार आपल्याकडेही अनोळखी नाही.

म्हणजे एखाद्याला खूप खोलवर ओळखूनही त्याचं वाटोळं करता येतं. माणसांच्या नात्यांत हे आपल्याला आधीच माहीत असतं. जो आपल्याला सगळ्यात जास्त ओळखतो, त्यालाच कुठे दाबलं की दुखतं हे ठाऊक असतं.

मग 'हात लावू नका, लांबून बघा' हे उत्तर? तेही पुरत नाही. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवर काळा रॉबिन नावाचा पक्षी आहे. 1980 साली जगात तो फक्त पाच उरला होता, आणि त्यातली अंडी घालून पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच. तिच्या पायात निळं कडं होतं, म्हणून तिचं नाव पडलं ओल्ड ब्लू. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांच्या आयुष्यात भरपूर ढवळाढवळ केली. त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेलं, घरट्यातली अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालेल. आज अडीचशेच्या आसपास काळे रॉबिन आहेत आणि ते सगळे त्या एका मादीचे वंशज आहेत. लांबून बघत बसले असते तर बघायला काही उरलं नसतं.

जावामधल्या मालकानेही पक्षी पकडला, मर्टन यांनीही पकडला. दोघांनाही तो पक्षी बारीकसारीक माहीत होता. फरक ज्ञानात नाही, हात लावण्यातही नाही. मला वाटतं, फरक याच्यात आहे: ओळख झाल्यावर पक्ष्याला आपलं आयुष्य आपल्या पद्धतीने जगायची मोकळीक वाढली की कमी झाली? ओल्ड ब्लूच्या पायात कडं होतं, पण दार बंद नव्हतं. तिने कुणासाठी गावं असं कुणी ठरवलं नव्हतं.

माणसामाणसांतल्या चांगल्या ओळखीतही हेच असतं ना? समोरच्याला प्रतिसाद न देण्याची मुभा. फोन केला आणि उचलला नाही, तर मित्र दारावर लाथा मारत नाही. समजतो, कामात असेल. प्लेबॅकमध्ये आपण नेमकी ही मुभा काढून घेतो. असा आवाज लावतो, की त्याला न येणं जमूच नये.

तर माझ्यापुरतं मी काही ठरवलंय, ते सांगतो. अ‍ॅप वापरतो, कारण ते फक्त ऐकतं. ऐकवत मात्र नाही. घरटं दिसलं तर त्याची जागा ग्रुपवर टाकत नाही, फोटोही नाही, कितीही लाइक मिळणार असले तरी. सोसायटीत रंगकाम, प्लंबिंग निघालं की जुनी भोकं आणि पडीक पाइप बुजवण्याआधी आत कोणी आहे का बघायला सांगतो. मार्च ते जुलै तर नक्कीच, कारण दयाळ तिथेच घरटी करतो. वॉचमन काका पहिल्यांदा हसले, आता तेच मला बोलावून दाखवतात. बागेतला पालापाचोळा रोज झाडून जाळू नये यासाठी मीटिंगमध्ये भांडतो, त्याखालचे किडे हे याचं जेवण आहे. यातलं काहीच मोठं नाही. ओळखीच्या माणसासाठी आपण एवढं करतोच.

आणि एक गोष्ट, जी अजून अवघड जाते. झुडपात काहीतरी हललं, तपकिरी, शेपटी वर, बहुतेक चिरकाची मादी किंवा गप्पीदासाची. विटकरी दिसलं की नाही कळलं नाही. ती बाहेर येत नाही. यादीत एक ओळ रिकामी राहणार. तेव्हा तिथेच थोडा वेळ बसायचं, नाही आली तर उठून चालू लागायचं. तिची ओळख पटली नाही, ठीक आहे. तिचं चाललेलं काम तर मोडलं नाही. दोन ओळखींपैकी निदान एक तरी आपल्याकडून पाळली गेली.